काकवीचा पाव

"कॅनडाला मत देणाऱ्यानं माझ्या होडीत पाय ठेवायचा नाही," अझरायाह कीपिंग म्हणाला आणि खारवलेल्या मांसाचा मोठा तुकडा तोंडात घालून सावकाश चावत बसला. त्याच्यापुरता विषय संपला होता.

ट्रिफीना चुलीपाशी उभी राहून सलगम वाढत होती. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचे कितीतरी विषय असे संपताना तिनं पाहिले होते. ते संपायचे त्याचे, आणि निस्तरत बसायचं तिनं. आज मतदान होतं, खाडीपलीकडे ब्रॉड हार्बरच्या शाळेत. घरात मोटरची होडी एकच, आणि ती त्याची.

चौदा वर्षांपूर्वी, १९३४ साली, न्यूफाउंडलंडचं दिवाळं निघालं होतं आणि देशानं आपलं सरकार आपल्या हातानं लंडनच्या साहेबांकडे गहाण टाकलं होतं. आता साहेबांना कंटाळा आला होता. पुढं काय करायचं ते तुम्हीच सांगा, म्हणाले. जूनमध्ये एकदा विचारून झालं, निकाल लागेना, म्हणून आज पुन्हा. आपलं सरकार परत घ्यायचं, की कॅनडाचा एक प्रांत होऊन जायचं. शोल टिकल गावात बहुतेकांनी कॅनडा धरला होता. स्वतंत्र न्यूफाउंडलंडचा गुलाबी-पांढरा-हिरवा झेंडा सगळ्या किनाऱ्यावर एकाच धक्क्यावर फडकत होता, तो अझरायाहच्या.

"मग मी काय पोहत जाऊ?" नेबथनं विचारलं. सेल्बी बुडाल्यापासून घरातला मोठा मुलगा आता हाच. कोटाला कॅनडावाल्यांचा बिल्ला लावून जेवायला बसला होता, तेही बापासमोर.

"पोहत कशाला?" धाकटा हेडली म्हणाला. "कॅनडाची बोट येईलच ना तुला न्यायला. दुधानं भरलेली."

"तू गप. तुझी अमेरिका तर मतपत्रिकेवरसुद्धा नाही."

"आज नाही. पण आधी आपलं सरकार येऊ दे, मग ते अमेरिकेशी करार करेल. आपला मासा घेणार कोण रे? कॅनडा? त्यांच्याकडे त्यांचाच सडतोय." हेडली अमेरिकन तळावर सुतारकाम करत होता. दोन दिवसांच्या रजेवर आला तो नवाकोरा चौकड्याचा शर्ट घालून, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूकडे कीव केल्यासारखा बघत होता. "तळावर या एकदा. रस्ता बघा, दिवे बघा. त्यांनी वर्षात केलं ते आपल्याला चारशे वर्षांत जमलं नाही."

"त्यांच्या दिव्याखाली उभं राहून त्यांचीच लाकडं तासतोस," अझरायाह म्हणाला. "मत माझ्या बाजूनं देतोयस म्हणून ऐकून घेतो. नाहीतर दोघंही एका माळेचे मणी. एकाला देश ओटावाला विकायचाय, दुसऱ्याला वॉशिंग्टनला."

"विकायला आहे काय स्किपर, तुमच्याकडे?" नेबथ उसळला. होडीचा कप्तान म्हणून मुलंसुद्धा त्याला स्किपरच म्हणत. "आपलं सरकार, आपलं सरकार! आपलं म्हणजे कुणाचं? सेंट जॉन्सच्या दहा-बारा व्यापाऱ्यांचं. मासा आम्ही काढायचा, भाव त्यांनी सांगायचा. बुडवला कुणी देश? त्यांनीच ना?"

"पहिल्या लढाईनं बुडवला. राजाच्या लढाईला पोरं आपली गेली आणि कर्जही आपल्याच बोकांडी बसलं. तरी बुडालो ते आपल्या होडीत बुडालो! दुसऱ्याच्या होडीत पाणी उपसायला जाणारा मी नाही."

अझरायाहनं टेबलावर मूठ आपटली तशी मोहरीची बाटली आडवी झाली. ट्रिफीनानं ती उचलून उभी केली. एवढंच तिचं काम. तीन पुरुष एका टेबलावर देश दुरुस्त करत होते, आणि खिडकीबाहेर माचावर वाळत घातलेला मासा तसाच पडून होता. ऊन डोक्यावर आलेलं, वाऱ्याचा पत्ता नाही. अशा उन्हात चिरलेला कॉड पालथा करून ढीग रचावा लागतो, नाहीतर तो भाजतो, आणि भाजलेला मासा कुत्रंही खात नाही. माचावरचा कारभार ट्रिफीनाचा. एरवी ती केव्हाच हातातलं टाकून धावली असती. आज तिचा पाय हलेना.

कारण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला द्रुसिला बसली होती, आणि द्रुसिलानं अजून एक घासही घेतला नव्हता.

द्रुसिला सेल्बीची बायको. मागच्या शरदात सेल्बीची होडी परत आली, सेल्बी आला नाही. मागं दोन मुली, आयव्ही आणि मोना. त्या आत्ता खिडकीखालच्या बाकावर बसून काकवीचा पाव खात होत्या आणि तोंडं काळी करून घेत होत्या. त्यांचं ठरून गेलं होतं. सप्टेंबरच्या बोटीनं दोघींना सेंट जॉन्सला, चर्चच्या अनाथालयात पाठवायचं. अझरायाहनं आणि पाद्रीबाबांनी मिळून ठरवलं, आणि रविवारी प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनी द्रुसिलाचा हात हातात घेऊन तिला सांगितलं. आईला आपल्या मुलींचं भविष्य चर्चच्या पायरीवर कळलं.

"मला होडी नको," द्रुसिला म्हणाली.

तिघांनीही माना वळवल्या. ती बोलते हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

"नको म्हणजे?" अझरायाहनं विचारलं.

"मी कॅनडाला मत देणार. वल्ह्याची होडी आहे ना खाली, तिनं जाईन."

"शाब्बास, वहिनी!" नेबथ म्हणाला. "ऐका, स्किपर, ऐका! कॅनडात प्रत्येक पोरामागे आईच्या हातात महिन्याला पैसे देतात. आईच्या! विधवेला भीक मागावी लागत नाही तिथं. मी परवा गावच्या सभेत हेच सांगितलं, निम्म्या बायका रडल्या."

"हो, मला कळलं. माझ्या पोरींची नावं घेऊन सांगितलंस."

"मग? खोटं होतं का ते?"

"खरंच होतं. मग आता इथंही सांग की. पोरींना सप्टेंबरात पाठवायचं नाही, असं सांग तुझ्या बापाला."

नेबथनं ओठ पुसले. "हे बघ, मत पडलं म्हणजे काय उद्या पैसे येतात असं नाही. वर्ष लागेल, कमीजास्त. तोवर कोण बघणार? माझी पाच आहेत. पाठवलेलं बरं, नंतर आणू परत."

"नंतर," द्रुसिला म्हणाली. "सभेत नव्हतास म्हणाला नंतर."

"लाज वाटू दे रे, नेबथ," हेडली मध्येच बोलला. हा आत्तापर्यंत बापाच्या बाजूचा. "वहिनी, तू माझ्याबरोबर चल. तळावर धुलाईखान्यात बाया हव्यात. गरम पाणी नळाला येतं. चांगला पगार आहे."

"आणि मुली?"

"मुली..." हेडलीनं आपल्या नव्या शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. "बराकीत मुलांना नाही ठेवत."

"म्हणजे फिरून फिरून तिथंच," द्रुसिला म्हणाली.

ट्रिफीनाला वाटलं, आपण किंचाळणार. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे तिघं तिच्या टेबलावर बसले होते. एकाला व्यापाऱ्यांपासून देश वाचवायचा होता, एकाला अंधारापासून, एकाला परक्यांपासून, आणि या दोन काळ्या तोंडांना हिवाळाभर पाव घालीन असं म्हणायला तिघांतल्या एकाचीही जीभ रेटत नव्हती. आणि हे तिघं तिचेच. दोघांना तिनं जन्म दिला, तिसऱ्याच्या अंथरुणात आयुष्य काढलं. राग कुणावर काढायचा?

"स्किपर," ती म्हणाली, "मुली इथंच राहू देत. पलीकडच्या सरकारी साहेबाकडे नाव घातलं तर विधवेला थोडं पीठ-साखर तरी मिळेल. तोवर काढू दिवस."

"पुन्हा तेच!" अझरायाह म्हणाला. "डोल? माझ्या सुनेला?" सरकारी शिध्याला तिकडं डोल म्हणत, आणि अझरायाह तो शब्द थुंकल्यासारखा उच्चारायचा. "चर्चमध्ये पाठवणं वेगळं. ते आपल्या धर्माचं घर आहे, तिथं आम्ही आयुष्यभर वर्गणी दिली. सरकारी पीठ म्हणजे भीक. आणि कॅनडाचे पैसे तरी काय? लांबून आलेली भीकच. एकदा हात पसरला की तो हात वल्हं धरत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पस्तीसच्या हिवाळ्यात ही सगळी खाडी रांगेत उभी होती. ते भुरं पीठ आणायची, कोंबड्यांचं खाद्य! मी उभा राहिलो? विचारा तुमच्या आईला. या उंबऱ्याच्या आत त्या पिठाचा एक कण आला नाही. आम्ही उपाशी राहिलो, पण खाल्लं ते स्वतःचं." त्यानं ताटलीतला काकवीच्या पावाचा काप उचलून मुलांसमोर धरला. "हा. हाच पाव खाऊन ते दोन हिवाळे काढले. स्वतंत्र माणसाचा पाव आहे हा. तुमच्या ओटावात मिळतो का?"

ट्रिफीना हसली.

ते हसणं चांगलं नव्हतं. बाकावर मोना खाता खाता थांबली.

"हसायला काय झालं?" अझरायाहनं विचारलं.

"अझरायाह," ती म्हणाली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. "तो पाव काळा का असतो?"

"काय?"

"काकवीचा पाव. काळा का असतो, सांग ना."

"काकवीनं. वेड लागलं का तुला?"

"हो, काकवीनं. काकवी घातली की पीठ पांढरं होतं की भुरं, ते देवालाही दिसत नाही. तुला कुठून दिसणार?" तिनं हातातला डाव चुलीवर ठेवला. "तू जंगलात लाकूडतोडीला गेला होतास. खाडी गोठली होती. मी स्लेज ओढत पलीकडे गेले, आणि पोतं घेऊन आले. घरी चाळलं. कोंडा कोंबड्यांना घातला, पिठात काकवी ओतली. तू आलास, खाल्लंस, आणि म्हणालास, ट्रिफी, असा पाव तू आजवर केला नव्हतास. ते दोन्ही हिवाळे तू भुरं पीठ खाल्लंस. सेल्बीनं खाल्लं, या दोघांनी खाल्लं. स्वतंत्र माणसाचा पाव!"

अझरायाहच्या हातात तो काप तसाच होता.

"खोटं," तो म्हणाला. "कुणाच्या नावावर दिलं तुला? बाईला देत नव्हते. घरच्या माणसाची सही लागायची."

"तुझ्या नावावर. अझरायाह कीपिंग, बायको आणि तीन मुलं. सही तुला कुठं येते? फुली मारतोस. फुली काय, कुणीही मारतं. मी मारली."

नेबथनं मान खाली घातली. हेडलीच्या तोंडून शीळ निघता निघता राहिली.

"तीन नाही. चार मुलं होती," अझरायाह म्हणाला. कुठला हिशेब कुठं लावावा हे त्याला सुचत नसावं.

"तीनच उरली होती!" आता ट्रिफीना ओरडली. इतकी वर्षं कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं, आणि तिला ते आवरायचंही नव्हतं. "फीबीला पुरून आठ दिवस झाले होते. तिच्या पायांतलं बळ गेलं तेव्हा नर्सबाई या इथं, या दारात उभी राहून सांगून गेली, की पांढऱ्या पिठानं होतंय हे, तिला भुरं पीठ द्या, पाय सुधारतील. तू काय म्हणालास? माझी मुलगी कोंबडी नाही, म्हणालास. मुलगी गेली, तुझं नाक वर राहिलं. तुझ्या त्या नाकापायी मी एक पुरलंय, अझरायाह. आणखी दोन बोटीत बसवून द्यायची नाहीत मला. राज्य कुणाचंही येऊ दे, राजाचं, कॅनडाचं, सैतानाचं. जो या पोरींच्या पावाला हातभार लावेल त्याच्यापुढं मी फुली मारीन. पूर्वी तुझ्या नावानं मारली, आज माझ्या नावानं मारते."

तिनं ॲप्रन सोडून खुर्चीवर फेकला. डोक्याला रुमाल बांधला. "द्रुसिला, वल्ही घे. पोरींना घे. चल."

"आई, थांब, मी पण येतो तुमच्याबरोबर," नेबथ उठला. "आपलं मत एकच आहे."

"तुझी पाच आहेत ना? होडीत जागा नाही. तू पोहत ये."

माचाजवळून जाताना उन्हात भाजणाऱ्या माशाचा वास तिच्या नाकात गेला. महिनाभराची मेहनत होती ती, तिची आणि द्रुसिलाची. द्रुसिला थबकली. "आई, मासा..."

"जळू दे," ट्रिफीना म्हणाली, आणि असं आपण म्हणू शकतो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

पाणी तापलेल्या तव्यासारखं सपाट होतं. दोघी समोरासमोर बसून वल्ही मारत होत्या, मुली मध्ये चिकटून बसल्या होत्या. गावचा धक्का मागं पडला. मग द्रुसिलानं हळूच विचारलं, "पलीकडे ठाऊक होतं? स्किपरांच्या नावावर पीठ जायचं ते?"

"सगळ्यांना. दुकानात पोती मोजून द्यायची ना. सगळं ब्रॉड हार्बर जाणतं."

"आणि इतकी वर्षं कुणीच..."

"कुणी ब्र काढला नाही. तो धक्क्यावर उभा राहून स्वतःच्या पायावर उभं राहण्याची भाषणं द्यायचा आणि ती माणसं टोप्या काढून ऐकायची. मला त्यांचे पाय धरावेसे वाटायचे, आणि त्याचं डोकं फोडावंसं वाटायचं."

अर्ध्या खाडीत आल्यावर मागून इंजिनाची धडधड ऐकू आली. ट्रिफीनानं मान वळवली नाही. तो आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. होडी जवळ आली, वेग कमी झाला. अझरायाह एकटाच होता. त्यानं दोर फेकला. द्रुसिलानं सासूकडे पाहिलं. क्षणभर ट्रिफीनाच्या मनात आलं, की द्यावा परत फेकून त्याच्या तोंडावर. पण मतदान काही रोज येत नाही आणि द्रुसिलाच्या हाताला फोड आले होते. तिनं मान हलवली. द्रुसिलानं दोर बांधला, आणि स्वतःच्या देशाचा झेंडा लावलेली होडी कॅनडाची दोन मतं ओढत ब्रॉड हार्बरला निघाली.

धक्क्यावर गर्दी होती. लोकांनी नेहमीसारख्या टोप्या उचलल्या. "या, स्किपर! दिवस चांगला लाभला." कुणी दोर धरला, कुणी मुलींना वर घेतलं. म्हातारा दुकानदार पाइप ओढत पिंपावर बसला होता. त्यानंही हात वर केला, अगदी आदरानं.

अझरायाहनं एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. ट्रिफीना त्याला बघताना बघत होती, आणि तो काय मोजतोय हे तिला नेमकं कळत होतं. उठायला म्हणून त्यानं गुडघ्यावर हात टेकले. मग ते हात तिथंच राहिले. जूनमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन मत देणारा हा माणूस, आज देशाला त्याच्या एका फुलीची खरी गरज होती, आणि तो होडीतून वर येईना.

द्रुसिला मुलींना घेऊन पुढं गेली. ट्रिफीना धक्क्याच्या शिडीवर चढली. दोन पायऱ्या चढून झाल्या तेव्हा खालून आवाज आला.

"ट्रिफी."

ती थांबली.

"आठ दिवस," तो म्हणाला. "फक्त आठ-पंधरा दिवस आधी आणलं असतंस ते पीठ, मला न सांगता... तर फीबी... का नाही आणलंस गं आधी?"

ट्रिफीनानं खाली पाहिलं. टोपी काढून मांडीवर ठेवलेला, टक्कल उन्हात तापत असलेला हा म्हातारा. त्याची कीव करावी असं कुठंतरी वाटलं तिला. पण ती कीव तिला परवडण्यासारखी नव्हती.

"कारण तेव्हा मी तुझं ऐकत होते," ती म्हणाली, आणि उरलेल्या पायऱ्या चढून शाळेकडे निघाली.